पत्रा, प्रिंट की कापड? दाराच्या स्पीकरवरची जाळी निवडताना

गाडीसाठी स्पीकर घेताना आपण महिनाभर डोकं खाजवतो. स्पीकरचा हलणारा शंकू, म्हणजे कोन, कोणता, ॲम्प कुठे बसवायचा, दाराच्या पत्र्याला कंप मारणाऱ्या डॅम्पिंगचे किती थर, यावर मित्रांचं डोकं खाऊन होतं. जाळीची वेळ आली की मात्र "ते फिटर बघेल" म्हणून हात झटकतो. मीही तेच केलं. माझ्या गाडीच्या मूळ जाळीमागे नवा साडेसहा इंची मिडबास, म्हणजे खालचे-मधले सूर वाजवणारा स्पीकर, मावत नव्हता. म्हणजे बसायचा, पण आवाज वाढवला की त्याचा रबरी सराउंड (कोनाभोवतीची लवचिक कड) जाळीला आतून टपटप आपटायचा. म्हणून पॅनल कापून जाळी धरणारं नवं कडं आणि त्यावर नवी जाळी असं काम निघालं. त्याला आता तीन वर्षं झाली. तेवढ्यात पुढच्या त्याच दोन दारांवर पत्र्याची जाळी, प्रिंट केलेली जाळी आणि कापड चढवलेली फ्रेम, अशा तिन्ही येऊन गेल्या. यात हौसेचा भाग कमी होता. पहिली नीट जमली असती तर तिसरीपर्यंत गेलोच नसतो.

पॅनलला करवत लावायचं ज्याने ठरवलंय त्याच्यासाठी हे लिहितोय, त्यामुळे स्पीकरची मापं कशी घ्यायची वगैरे सोडून देतो. दोनच गोष्टी आधी सांगतो. सराउंड आणि जाळीची आतली बाजू यांत मी आता बोटभर, साधारण 12 मिमी, मोकळी जागा ठेवतो. कागदावर कोन एका बाजूला 5-6 मिमी हलतो असं लिहिलेलं असतं, पण खालचे सूर जोरात वाजवले की तो कागद वाचत बसत नाही. दुसरी गोष्ट वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, म्हणजे ट्वीटरची. ज्या गाडीत खिडकीवरच्या पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे, तिच्या पुढच्या पिलरवर (काचेच्या बाजूच्या खांबावर) फायबरचा उंचवटा उभारायचा मोह टाळा. ती एअरबॅग फुगते तेव्हा पिलरची ट्रिम ठरलेल्या तऱ्हेने सरकावी लागते, आणि तिच्यावर चढवलेला कडक गोळा त्या वेळी कुठे जाईल याचा भरवसा नाही. ट्वीटर डॅशबोर्डवर किंवा आरशाच्या त्रिकोणात बसवा, चार लोकांनी कमी वाहवा केली तरी चालेल.

पत्र्याची जाळी

दिसण्यात पत्र्याला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. किंचित घुमटाकार, मॅट काळी, कडेला दिसेल न दिसेल अशी फट. जो गाडीत बसायचा तो नकळत हात फिरवून बघायचा. लाथ, छत्रीचं टोक, पिशवीचं बक्कल, काहीही लागलं तरी स्पीकर सुरक्षित.

पत्रा घेताना सगळे भोकाचा व्यास विचारतात, पण भोकांमधलं (केंद्रापासून केंद्रापर्यंतचं) अंतर तितकंच महत्त्वाचं. एका ओळीची भोकं दुसऱ्या ओळीच्या मधोमध येतात, त्या नेहमीच्या मांडणीत व्यासाला अंतराने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि 0.907 ने गुणा. एकूण पत्र्यापैकी किती भाग उघडा आहे ते कळतं. 3 मिमीची भोकं 5 मिमी अंतरावर असतील तर जेमतेम 33 टक्के. 2 मिमीची 3 मिमी अंतरावर असतील तर 40. म्हणजे मोठ्या भोकांचा पत्रा जास्त मोकळा असतोच असं नाही. त्यात दुकानात हाती देतात तो तुकडा बिनरंगाचा असतो. पावडर कोटिंगचा थर साधारण 75 मायक्रॉन धरला तर 2 मिमीचं भोक 1.85 वर येतं आणि 40 टक्क्यांचे साडेचौतीस होतात. नमुना रंगवलेलाच मागा.

हा हिशेब मिडबाससाठी फार मनावर घेऊ नका. 100 हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, तिला दोन मिलिमीटरच्या भोकांचं काय कौतुक! 10 किलोहर्ट्झला तीच लांबी साडेतीन सेंटिमीटरवर येते, म्हणून हा प्रश्न खरा ट्वीटरचा. मी एकच गाणं लावून ट्वीटरसमोर जाळी हाताने धरायची, काढायची असं कितीतरी वेळा करून पाहिलं. 33 टक्क्यांच्या पत्र्यामागे झांजेची झिलई थोडी उतरलेली वाटली. माप घेतलेलं नाही, कानावर विश्वास ठेवला. तुमचे कान वेगळं सांगतील, तेही बरोबरच असेल.

सपाट चकती मात्र घेऊ नका. सपाट पातळ पत्रा म्हणजे ताशाचं पान. नखाने टिचकी मारून बघा. घुमट दिला किंवा कड दुमडली की तोच पत्रा ताठ होतो. आणि पावडर कोटिंग भट्टीत 180 ते 200 अंशांना पक्कं होतं, त्यामुळे प्लॅस्टिकच्या कड्यात बसवलेली जाळी भट्टीत जाऊ शकत नाही. आधी जाळी रंगवायची, मग कड्यात बसवायची. कड्याला वेगळा स्प्रे मारायचा. आणि काळ्याला काळा कधी जुळत नाही. दोन्ही मॅट, दोन्ही काळे, तरी उन्हात एक निळसर आणि एक तपकिरी दिसतो. हे दुखणं किरकोळ आहे, पण मला दर सिग्नलला दिसायचं.

दुपारची किरकिर

माझं मत ज्यावर फिरलं ते मात्र दुसरंच.

जाळी बसली थंडीत. दोन-तीन महिने मी खूश होतो. मग ऊन तापायला लागलं. एका दुपारी ऑफिसातून निघालो, गाणं लावलं आणि उजव्या दारातून डबीत माशी कोंडल्यासारखा आवाज आला. बासचा एक ठरावीक सूर लागला की झर्रर्र, सूर सरकला की गप्प. घरी येऊन गाडी सावलीत लावली, जेवून बॅटरी घेऊन खाली उतरलो, तेच गाणं लावलं. काही नाही. दुसऱ्या दुपारी माशी पुन्हा हजर.

फिटरकडे नेली. वाटेत एसी चालू, त्याच्या शेडमध्ये गाडी अर्धा तास उभी. तोच सूर वाजवला तर जाळी साधूसारखी मौनात. दाढ दुखते म्हणून दवाखान्यात जावं आणि खुर्चीत बसताच दुखणं थांबावं, तसं झालं. फिटर सभ्य माणूस, हसला नाही. "साहेब, गाण्यातच असेल," म्हणाला. अशा तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला त्याने दाराचं पॅनल उघडून वायरींना फोम गुंडाळला, क्लिपा बदलल्या. मी आभार मानून परतलो आणि पुढच्याच दुपारी सिग्नलला झर्रर्र.

शेवटी एका रविवारी सकाळी घरीच बसलो. फोनवर टोन वाजवणारं ॲप घेतलं, 40 हर्ट्झपासून हळूहळू वर चढत गेलो. थंड दारात 200 पर्यंत सगळं स्वच्छ. मग घरातला हेअर ड्रायर लांब वायरला जोडून आणला आणि कड्यावर गोल गोल फिरवत पाच-सात मिनिटं गरम हवा सोडली. पुन्हा 40 पासून सुरुवात. 90 च्या थोडं अलीकडे आलो आणि माशी जागी झाली. जाळीच्या कडेवर अंगठा टेकवला, गप्प. उचलला, सुरू. तो क्षण मला अजून आठवतो. स्पीकर नवा आणला तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

कारण शाळेतल्या विज्ञानाचं. जाळी लोखंडी, कडं एबीएस प्लॅस्टिकचं. एक मीटर लोखंड एका अंशाला 12 मायक्रॉन वाढतं, एबीएस 80 च्या आसपास. व्यास 170 मिमी आणि तापमान 20 वरून 60 अंशांवर गेलं असं धरा. कडं अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त फुगतं, जाळी त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाने. थंडीत अंगठ्याने दाबून घट्ट बसवलेली जाळी उन्हात कड्यात सैल पडते, आणि ऊन उतरलं की पुन्हा घट्ट होऊन शहाण्यासारखी बसते. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतं, म्हणजे त्याची जाळी घेतली असती तर फरक थोडा कमी झाला असता, गेला नसता.

कारण कळलं म्हणून इलाज सापडतोच असं नाही. कडेला फोम टेप लावली. महिनाभराने फोम दबून कागदासारखा झाला आणि उन्हात त्याचा गोंद वितळून बाहेर आला, जाळीच्या कडेला काळी ओशट रेघ. सिलिकॉन भरलं. ते बरं चाललं, मग पावडर कोटवरून एका बाजूने सालीसारखं सुटायला लागलं. गरम गोंदाच्या काडीचं बोलायलाच नको. जी वस्तू उष्णतेने मऊ होते म्हणून आपण वापरतो, ती उन्हातल्या दारात कडक राहील ही अपेक्षाच चुकीची. गाडीची पुढची काच ज्याने चिकटवतात तो पॉलियुरेथेन लावला असता तर बहुधा निभावलं असतं. तो धरूनही ठेवतो आणि लवचिकही राहतो. पण मग जाळी कायमची त्या कड्यात गाडली जाते. खरचटली, डेंट आला, रंग बदलायचा झाला, तर कडं आणि जाळी दोन्ही नवी. तिथे माझा उत्साह संपला.

तुमच्या हाताशी पत्र्याचं काम जाणणारा कुणी असेल, जो कड्यासकट जाळी एकाच धातूत करून, कड दुमडून, रबरी वॉशरवर स्क्रूने बसवून देईल, तर वरचं सगळं विसरा आणि पत्राच घ्या. मला तसा माणूस मिळाला नाही. छिद्रांचा पातळ पत्रा कड्याला वेल्ड करून बघितला एकाने, तर घुमटाची बशी झाली.

प्रिंट केलेली जाळी

पत्र्यावर वैतागून मी थ्रीडी प्रिंटकडे वळलो आणि तर्क बिनचूक होता: कडं आणि जाळी एकाच प्लॅस्टिकची, एकाच तुकड्यात, तर फुगतील तीही बरोबरच. ती किरकिर खरोखर गेली. पुन्हा कधी आली नाही.

पहिली चाचणीची जाळी पीएलए या प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लॅस्टिकमध्ये काढली, फक्त माप बघायला. आठवडाभर दारावर राहू दिली आणि ती वाळलेल्या पानासारखी कडेला वळली. पीएलए 60 अंशांच्या अलीकडेच मऊ पडायला लागतं, आणि उन्हातल्या गाडीला तेवढं तापायला वेळ लागत नाही. पीईटीजी 80 च्या आसपास टिकतं. एबीएस आणि एएसए 100 च्या पुढे, आणि त्यातही उन्हाने पिवळं न पडणारं म्हणून एएसए. दुसरी जाळी त्याची.

षटकोनी भोकं ही प्रिंटची खरी मिजास. 6 मिमीचा षटकोन आणि मध्ये 1 मिमीची भिंत असेल तर 73 टक्के उघडं. गोल भोकांचा पत्रा सहसा याच्या जवळपासही येत नाही. फाईल जवळ असली की तुटलेली जाळी रात्रीतून नवी. 6 बाय 9 इंची स्पीकरची अंडाकृती जाळी सव्वादोनशे मिलिमीटरच्या यंत्रावर मावत नाही म्हणून लोक दोन तुकडे करून चिकटवतात. त्याआधी ती 45 अंशांत तिरकी ठेवून बघा. सुमारे 235 बाय 160 ची अंडाकृती तशी ठेवली की दोन्ही बाजूंनी 200 च्या आसपास जागा घेते आणि मावते. हे मला दोन तुकडे चिकटवून झाल्यावर सुचलं.

मग का सोडली? दिसणं हे एक. थरांच्या रेघा प्राइमर आणि पॉलिश पेपरने बाहेरून जातात, पण शेकडो षटकोनांच्या आतल्या भिंती कोण घासणार? समोरून छान दिसते, तिरपं ऊन पडलं की प्रत्येक भोकात जिना दिसतो. आणि दुसरं, एक मित्र उतरताना त्याच्या बुटाची टाच लागली, लाथ म्हणावी इतकीही नाही, आणि तीन भिंती थराच्या रेषेवर सरळ चिरल्या. तो बिचारा अजून माफी मागतो. दाराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पाय येतात-जातात, तिथे एक मिमीच्या प्लॅस्टिकच्या भिंती ठेवणं हा माझाच मूर्खपणा होता. भिंती जाड केल्या तर मोकळेपणाची मिजास जाते आणि मग पत्रा काय वाईट होता, असं वाटायला लागतं.

ट्वीटरवर मात्र मी आजही प्रिंटचीच जाळी ठेवली आहे. उंचावर, कुणाचा पाय लागत नाही, आकार रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, आणि मोकळीक तिथेच हवी असते.

कापड

कापडाला मी सुरुवातीला नाकच मुरडलं होतं. कापड म्हणजे जुन्या कपाटाएवढ्या रेडिओची आठवण, धूळ, डाग. फिटरनेही पहिल्या दिवशी सुचवलं होतं आणि मी त्याला "आजोबांची गाडी आहे का?" असं विचारलं होतं. ते आता आठवलं की ओशाळल्यासारखं होतं.

पण किरकिरीच्या दृष्टीने बघा. कडक वस्तू कडक वस्तूला टेकून हलली की वाजते. फ्रेमभोवती कापड गुंडाळलेलं असेल तर फ्रेम आणि कडं यांच्यात सगळीकडे कापडाचा थर येतो. उन्हाने कडं अर्धा मिमी फुगो की आकसो, मधलं कापड तेवढं दबतं किंवा फुलतं. मी ज्याच्यासाठी टेप, सिलिकॉन, गोंद यांच्या मागे हिंडत होतो ते कापडात न मागता मिळतं.

फक्त ते नीट चढवायला हवं, आणि सगळी मेख तिथे आहे. मी 9 मिमी मरीन प्लायची फ्रेम केली. कापड वळसा घालून आत जातं, तेव्हा फ्रेम चहूबाजूंनी दीड मिमी लहान कापायची. पूर्ण मापाची कापली तर कापडासकट ती बसतच नाही, हातोडीने बसवली तर कोपऱ्यात सुरकुती पडते. फ्रेमची पुढची कड राउटरने गोल करायची, नाहीतर कापडावर सहा महिन्यांत तिची पांढुरकी रेघ उमटते. कापड चारही दिशांना ताणलं जाणारं घ्यायचं आणि निवडायचं फुंकून. ओठांजवळ धरा, फुंका, पलीकडे तळहात ठेवा. फुंकर तळहाताला लागली तर आवाजही जाईल. रेक्झिनला नुसती भोकं पाडून जाळी म्हणून खपवतात, त्याच्यापुढे फुंकून बघा म्हणजे कळेल.

ताणताना घड्याळ डोळ्यासमोर ठेवायचं: आधी बारा आणि सहा, मग तीन आणि नऊ, मग मधले. एका बाजूने सुरू करून गोल फिरत गेलात तर धागा शेवटी तिरका होतो आणि काळ्या कापडावरही तो तिरकेपणा डोळ्यात खुपतो. माझी पहिली फ्रेम अशीच वाया गेली. स्टेपल स्टेनलेसच्या, कारण साध्या पिना पावसाळी हवेत गंजतात आणि एक दिवस कडेला तपकिरी ठिपके उमटतात. साध्या स्प्रे गोंदावर भिस्त ठेवू नका, तो तापला की कापड ढिलं पडतं.

पाय लागला तर? ही शंका रास्त आहे. मी फ्रेमच्या मागच्या बाजूला मोठ्या डोळ्यांची ॲल्युमिनियमची हिऱ्याच्या आकाराची जाळी बसवली आहे, कापडापासून बोटाच्या पेराएवढी आत. ती दिसत नाही, त्यामुळे रंग, फिनिश, काळ्याला काळा जुळवणं, काही नको. आणि ती काच चिकटवायच्या त्याच पॉलियुरेथेनमध्ये गाडली आहे. पत्र्याच्या बाबतीत कायमचं चिकटवणं मला नको होतं, कारण खराब होणारी वस्तू तीच होती. इथे खराब होणारं कापड आहे आणि ते वरून बदलता येतं, आतल्या जाळीला हात लावायची वेळच येत नाही. एवढं ध्यानात आलं आणि माझा निर्णय झाला. फ्रेम दारावर धरायला लोहचुंबक लावणारे पुष्कळ आहेत. पण लोखंडाला चुंबक म्हणजे पुन्हा कडक वस्तूला कडक वस्तू, शिवाय साधे निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या पुढे ताकद गमावू लागतात. मी घरातल्या स्पीकरांना असते तशी, रबरी भोकात बसणारी खुंटी वापरली. चार खुंट्या, बोटाने ओढली की फ्रेम हातात.

कापडाचे तोटे लपवत नाही. धूळ बसते, दर महिन्याला व्हॅक्यूमचा मऊ ब्रश फिरवावा लागतो. काळं पॉलिस्टर उन्हाने हळूहळू विटतं. ओल्या छत्रीचा फराटा वाळल्यावर दिसतो. दीड वर्षात मी एकदा कापड बदललं, दोन्ही दारांचं मिळून एक सकाळ गेली, त्यातही निम्मा वेळ जुन्या पिना उपटण्यात. सबवूफरवर, विशेषतः पोर्टच्या (पेटीतली हवा जिथून बाहेर येते त्या भोकाच्या) तोंडावर, नुसतं कापड लावू नका. हवेच्या झोताने ते फडफडतं. तिथे कांबी किंवा पत्राच बरा.

आवाजाबद्दल इतकंच म्हणेन की फ्रेम लावली आणि काढली, यात मला फरक ओळखता आला नाही. बायकोला डोळे मिटायला लावून विचारलं, तिलाही नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती उठून गेली.

कडं कशाचं?

जाळीखाली स्पीकर ज्यावर बसतो ते दुसरं, आतलं कडं हा वेगळा विषय, आणि तिथे माझं मत पक्कं आहे: दारात एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला फळा) नको. खिडकीच्या काचेवरून पाणी दाराच्या आत उतरतंच, तळाच्या भोकांतून निघून जातं, तशीच रचना असते. एमडीएफ ते पाणी पितं, फुगतं, स्क्रू सैल होतात. कडांना रेझिन पाजलेला मरीन प्लाय चालतो. एचडीपीई हे प्लॅस्टिक तर पाण्याला दादच देत नाही, फक्त त्याला गोंद आणि रंग चिकटत नाहीत, त्यामुळे सगळं स्क्रूवर.

स्पीकर तिरका करून बसवायचा असेल, पॅनलच्या बाहेर फुगवटा हवा असेल, तर फायबरला पर्याय नाही. कड्यावरून फ्लीस ताणायचा, रेझिन पाजायचं, मागून फायबर मॅटचे तीन-चार थर, मग लांबी (पुटी), मग 80 नंबरपासून 400 पर्यंत पॉलिश पेपर. हे काम बाहेर करून घ्या, असाच माझा सल्ला. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर एक-दोन टक्के पडतो, तो थोडा जास्त पडला की वाटीतच वाफा येऊन गोळा होतो. आधार म्हणून थर्मोकोल ठेवलं तर रेझिन ते खाऊन टाकतं. आणि घाईत बसवलेल्या फायबरचा वास बंद गाडीत कितीतरी दिवस रेंगाळतो. पूर्ण वाळल्याशिवाय गाडीत घेऊ नका, फिटर कितीही घाई करो.

तर तुम्ही काय घ्यावं? मागच्या सीटवर चिखलाच्या बुटांची लहान मुलं असतील, गाडी बहुतेक वेळ सावलीत किंवा बंद पार्किंगमध्ये असेल, किंवा दिसण्यालाच पहिला मान द्यायचा असेल, तर पत्र्याला मी नाही म्हणणार नाही. स्वतःच्या हाताने काढायची हौस असेल तर प्रिंट, पण वर, पायांपासून लांब. गाडी दिवसभर उन्हात उभी राहत असेल आणि माझ्यासारखा एक कान कायम किरकिरीच्या शोधात असेल, तर एकदा कापड चढवून बघायला हरकत नाही. बारा-सहा, तीन-नऊ एवढं लक्षात ठेवा.

माझ्या मागच्या दोन दारांवर अजून त्या जुन्या पत्र्याच्याच जाळ्या आहेत. मागे फारसं कुणी बसत नाही, आणि दिसतात त्या अजूनही सुंदर. क्वचित भर दुपारी कुणी बसलं आणि "मागे काहीतरी वाजतंय का रे?" म्हणालं, की मी आवाज थोडा पुढच्या स्पीकरांकडे सरकवतो.